पट घसरला, शिक्षक जाणार का?

प्रश्न : आमच्या नगरपरिषद शाळेत पहिली ते चौथीचा पट ६४ वरून ५८ वर आला. तीन शिक्षक आहेत. एक जाईल का? काय करता येईल?

उत्तर : धोका खरा आहे. शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० ला तीन. संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवताना, ३० सप्टेंबरचा पट धरतात; त्यानंतर आलेली मुले त्या वर्षी उपयोगाची नाहीत.

आधी हजेरीपटातली ५८ नावे शिक्षण विभागाच्या ऑनलाइन पोर्टलवरही तितकीच दिसतात का, ते मुख्याध्यापकांकडून तपासा. आधार न जुळलेले मूल मोजणीतून गळते. बहुतेक वेळा कारण क्षुल्लक असते : शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये ‘वैष्णवी’, आधारवर ‘वैश्णवी’, किंवा जन्मतारखेत फरक. जन्मदाखला पाहून चूक जिथे असेल तिथेच दुरुस्त करावी. हे काम जुलैतच उरकावे, सप्टेंबरात आधार केंद्रावर रांग लागते.

नवी मुले अंगणवाडीच्या यादीत सापडतात. ३१ डिसेंबरला सहा वर्षे पूर्ण होणाऱ्यांची नावे सेविकेकडून घ्या, पाडव्यापासून घरोघर जा. खासगी शाळेतून येणाऱ्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला त्या शाळेने अडवला, तरी त्यासाठी प्रवेश थांबवता येत नाही.

फलक, रॅली यांवर आमचा फारसा भरवसा नाही. पालक विचारतात ते एवढेच : तिसरीतले पोर दुसरीचा उतारा वाचते का, हातच्याची वजाबाकी जमते का? शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात. त्यांनी दरमहा हे मुलांकडून समोर करून घ्यावे.