पहिली भट्टी पेटवताना

भावा, लोहारकाम शिकायचंय ना? मग तलवार-चिलखत मनात राहू दे. आधी खुंट्या, अडकवायचे आकडे, मग स्वतःची सांडशी घडव. भट्टीला ट्रकचा जुना ब्रेक ड्रम आणि हाताने फिरवायचा भाता पुरतो.

सुरुवातीच्या चुका ठरलेल्या:

- लोखंडाची लाली उतरली तरी बडवत राहणं. त्याने चिरा पडतात, म्हणून लाली उतरताच परत भट्टीत घाल.
- जस्ताचा मुलामा असलेला पाइप तापवणं. तो धूर विषारी, अजिबात नको.
- तापलेल्या पात्याला पाण्यात विझवणं. कमानपाट्याचं (गाडीच्या स्प्रिंगच्या पट्टीचं) पातं लोहचुंबकाला चिकटेनासं झालं (साधारण ७७० अंश सेल्सिअस), की थोडं आणखी तापवून कोमट तेलात बुडव. पाण्यात माझी पहिली दोन पाती ‘टिंग’ करून तडकली. तो आवाज अजून कानात आहे. नंतर २०० अंशांवर दोन तास ओव्हनमध्ये ठेव.

डोळ्यांवर चष्मा हवाच. पहिला आकडा झाला की दाखव!