घरबसल्या फेलोशिप, पण विषय कुठला?

प्रश्न : मी माण तालुक्यात एका संस्थेतर्फे ग्रामपंचायतींच्या महिला सदस्यांची प्रशिक्षणं घेते. एमएसडब्ल्यू झालंय, पीएचडी नाही. लोकशाहीचा अभ्यास करणाऱ्यांना परदेशी संस्था घरूनच काम करायची फेलोशिप देतात असं कळलं. मुलगी दहावीला आहे, गाव सोडणं शक्य नाही. मी अर्ज करावा का? विषय ‘भारतीय लोकशाहीपुढील आव्हाने’ असा ठरवलाय. (एक वाचक, दहिवडी)

उत्तर : ताई, अर्ज जरूर करा, पण आधी ते शीर्षक खोडा. तो विषय दिल्लीतला प्राध्यापकही पाठवणार आणि लंडनमधलाही. मग तुम्हालाच का घ्यावं? त्या दोघांकडे नसलेली गोष्ट तुमच्याकडे आहे : ग्रामसभांची प्रोसिडिंग बुकं, म्हणजे इतिवृत्ताच्या वह्या, आणि त्यातली कुठली सही कुणी ठोकलीय हे ओळखणारी नजर.

मीच एक विषय सुचवते. ग्रामसभेला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. नाही जमली तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला मात्र गणपूर्तीची अटच नाही. ‘कोरमअभावी तहकूब’ हा शेरा आणि पुढच्या सभेत मूठभर माणसांत मंजूर झालेली घरकुलांची यादी तुम्ही पाहिली नसेल, असं मला वाटत नाही. मुख्य ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, हेही कायद्यातच आहे. मग विचारा की महिला सभेत मांडलेली मागणी मुख्य सभेच्या इतिवृत्तात पोचते का, आणि सभा तहकूब झाली की तिचं काय होतं? राज्यात पंचायतींमध्ये महिलांना ५० टक्के आरक्षण २०११ पासून आहे, तेव्हा तेवढ्या वर्षांच्या वह्या कपाटांत असायला हव्यात. गावं मोजकीच घ्या. प्रतींसाठी सरपंचांच्या मर्जीवर राहू नका, माहितीच्या अधिकारात रीतसर मागा. बायकांची नावं बदला, गावांचीही.

स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातली व्ही-डेम ही संस्था देशोदेशींच्या तज्ज्ञांना विचारून प्रत्येक देशाच्या लोकशाहीला गुण देते. २०२१ च्या अहवालात तिने भारताला निवडणुका घेणाऱ्या एकाधिकारशाहीच्या गटात टाकलं, आणि आपल्याकडे मोठा वाद झाला. ही आकडेवारी फुकट मिळते, जरूर वाचा. पण देशाला दिलेल्या गुणांत माण तालुक्यातल्या गावाची तहकूब सभा दिसत नाही. तुमच्या प्रस्तावाची पहिली दोन वाक्यं इथूनच निघतील.

पीएचडीचं दडपण घेऊ नका. वॉशिंग्टनच्या ‘नॅशनल एन्डाउमेंट फॉर डेमॉक्रसी’ या लोकशाहीच्या कामाला पैसा देणाऱ्या संस्थेने २००१ मध्ये सुरू केलेल्या रेगन-फॅसेल फेलोशिपमध्ये अभ्यासकांइतकीच प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनाही जागा ठेवली होती. (मूळ रिवाज तिथं जाऊन राहण्याचा. शिवाय या संस्थेचा पैसा मुख्यतः अमेरिकी संसदेकडून येतो. २०२५ च्या सुरुवातीला तो अडला आणि तिला कोर्टात जावं लागलं. म्हणून कुठल्याही संस्थेची जुनी जाहिरात पाहून बेत करू नका.) मात्र उसनी विद्वत्ता आणू नका. कार्यकर्त्यांच्या अर्जात पहिल्याच पानावर तीन परदेशी विचारवंत भेटले की माझा हात आपोआप पुढचा अर्ज उचलतो. शिफारसपत्रही आमदारांचं नको, तुमचं प्रशिक्षण मागे बसून पाहिलेल्या माणसाचं घ्या.

आता घरून काम करण्याबद्दल. तुमची कागदपत्रं गावातच असल्यामुळे तुम्हाला ते सोयीचं आहे, पण घरच्यांच्या लेखी तुम्ही घरीच असता. वॉशिंग्टनचं सकाळी दहाचं चर्चासत्र आपल्याकडे उन्हाळ्यात साडेसातला, हिवाळ्यात साडेआठला सुरू होतं, म्हणजे ऐन भाकरीच्या वेळी. त्याची वाटणी सासूबाईंशी आणि नवऱ्याशी अर्ज करण्यापूर्वीच करून टाका, निवड झाल्यावर नव्हे. आणि संस्थेला आधीच विचारा : ग्रंथालयाचं लॉगिन मिळेल का, मार्गदर्शक नेमून देणार की नुसतं प्रमाणपत्र? लॉगिनशिवायच्या फेलोशिपला मी तरी फेलोशिप म्हणत नाही.

प्रश्न : मी ग्रामपंचायत सदस्य आहे. परदेशी फेलोशिपचं मानधन घेतलं तर अडचण येईल का? (एक वाचक, अकोले)

उत्तर : विचारलंत ते बरं केलंत. परदेशी निधीच्या २०१० च्या कायद्यातलं कलम ३ काही जणांना असा निधी घ्यायला मनाई करतं. २०२० च्या दुरुस्तीने त्यात लोकसेवक आले, आणि आपल्या पंचायत कायद्यानुसार सदस्य हा लोकसेवक समजला जातो. मात्र कलम ४ मध्ये शिष्यवृत्ती, स्टायपेंड आणि तशाच स्वरूपाच्या रकमेला सूट आहे. त्यामुळे निवडपत्रात ‘स्टायपेंड’ असंच लिहून मागा, ‘प्रकल्प अनुदान’ नको. रक्कम तुमच्या स्वतःच्या खात्यावर येऊ द्या, ओळखीच्या संस्थेच्या खात्यावर वळवू नका. संस्थेला परदेशी पैसा घ्यायचा तर वेगळी नोंदणी लागते, आणि तो आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. सही करण्यापूर्वी पत्र सीएला दाखवा, आणि प्राप्तिकराचंही त्याच बैठकीत विचारून घ्या.