साठीच्या उंबरठ्यावर ग्रँड कॅन्यन उतरायचं का?

प्रश्न : नमस्कार ताई, मी ५८, मिस्टर ६१, आम्ही भुसावळचे. मुलगा अमेरिकेत फिनिक्सला असतो, पुढच्या जूनमध्ये जायचं ठरतंय आणि त्याच्या डोक्यात तिथली ग्रँड कॅन्यनची प्रचंड दरी आहे, म्हणजे नुसतं वरून बघायचं नाही, खाली कोलोरॅडो नदीपर्यंत उतरून त्याच दिवशी परत वर. मिस्टर म्हणतात आपण ४५ डिग्रीत राहणारी माणसं, आपल्याला उन्हाचं काय. रोज सकाळी तासभर चालतो दोघं, पण जिना उतरताना माझा गुडघा दुखतो आणि मिस्टरांना बीपीची गोळी चालू आहे. जमेल का?

उत्तर : ताई, नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत, हे नका करू. जूनमध्ये तर अजिबातच नाही. आणि हे तुमचं वय बघून सांगत नाहीये, तिथलं नॅशनल पार्क सगळ्यांनाच सांगतं की एका दिवसात नदी गाठून वर यायचा प्रयत्न करू नका, त्यातही मे ते सप्टेंबर नकोच. पण थोडं तरी उतराच, मला मनापासून वाटतं, कारण काठावरून फोटो काढून परत येणं आणि त्या कड्यांच्या आत चालणं यात फार फरक आहे.

आपल्याकडे गडावर आधी चढ असतो, दमलो की मागे फिरायचं, उतारच उरलेला असतो. तिथं उलटं आहे. दक्षिण काठ समुद्रसपाटीपासून साधारण २१०० मीटरवर, हवा गार, सकाळी उतरताना पाय आपोआप पळतात आणि आपण दमू असं कुणालाच वाटत नाही, पण जसजसं खाली जाल तसतसं तापतं, जूनमध्ये तळाशी सावलीतसुद्धा ४० च्या पुढे जातं, आणि सगळा चढ दमलेल्या पायांनी, विरळ हवेत, भर दुपारी. उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरा.

मिस्टरांना विचारा, मे महिन्यात दुपारी दोनला भुसावळात कोण चढ चढतं? आपल्याला सवय आहे ती कामं सकाळीच उरकून ऊन टाळायची, आणि तीच तिथं कामी येईल. उन्हाळ्यात दहा ते चार वाटेवर चालू नका असं पार्कवाले पण सांगतात.

जमत असेल तर ऑक्टोबरमध्ये जा. पोचल्या दिवशी उतरू नका, एक दिवस वरच राहा. मग ब्राइट एंजल ट्रेलने दीड मैलाच्या रेस्टहाउसपर्यंत (राहायचं नव्हे, वाटेवर टेकायचा निवारा), म्हणजे २.४ किमी आणि सुमारे ३४० मीटर उतार. गुडघा ठीक असेल तर तीन मैलाचं रेस्टहाउस, तिथं उतार ६४५ मीटरच्या आसपास होतो, त्यापुढे तुम्ही दोघांनी जाऊ नये असं माझं स्पष्ट मत. या वाटेवर नळ आहेत पण ते कायम चालू नसतात, सकाळी चौकशी करा आणि पाणी बरोबर घ्याच. साउथ कायबाब या दुसऱ्या वाटेवरून सीडर रिज हा टप्पाही दीड मैलच, देखावा जास्त मोकळा, पण त्या वाटेवर पाणी कुठेच नाही.

आता तयारी. सपाट रस्त्यावरचं चालणं पुरणार नाही, कारण उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकचं काम करतो, तो कमजोर असला की भार गुडघ्यावर येतो. आधी हाडांच्या डॉक्टरांना गुडघा दाखवा, मग फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम घ्या. सराव अजिंठ्याला करा, लेण्यांच्या समोरच्या व्ह्यू पॉइंटवरून वाघोरा नदीपर्यंत उतरायचं आणि पुन्हा वर चढायचं, आधी उतार मग चढ असं जवळपास दुसरीकडे सहज मिळत नाही. सोमवारी लेणी बंद असतात तेवढं बघा. दोन काठ्या घ्या, एक नको, आणि बूट इथेच वापरून मऊ करा.

नुसतं पाणी पीत राहिलं आणि खाल्लं काहीच नाही तर रक्तातलं सोडियम उतरतं, चक्कर, उलटी, गोंधळ होतो, आणि माणसं ते ऊन लागलंय समजून अजून पाणी पाजतात. त्यामुळे खारे शेंगदाणे, दशम्या जवळ ठेवा. फक्त मिस्टरांचं मीठ आणि गोळी दोन्ही डॉक्टरांना विचारून, बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते आणि पाणी-मीठ आणखी कमी होतं.

मुलाला हे दाखवा आणि सांगा की चालायचा वेग तुमचा, त्याचा नाही. समोरून खेचरं आली की डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या नाही.