अमेरिकेत स्थानिक स्पॅनिश टीव्ही केंद्र कसे सुरू झाले आणि ते चालते कसे?

आपण विचारले आहे की, इंग्रजी वाहिन्यांच्या गर्दीत एका शहरापुरते स्पॅनिश केंद्र अमेरिकेत उभे कसे राहिले असेल आणि त्याचा रोजचा कारभार कसा चालत असेल. उत्तरासाठी टेक्सास राज्यातील सॅन अँटोनियो येथील चॅनेल ४१ हे केंद्र घेतो, कारण पुढे ‘युनिव्हिजन’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या नेटवर्कचा उगम तेथेच झाला. आज या केंद्राचे नाव केडब्ल्यूईएक्स असे आहे. सुरुवातीला ते केसीओआर-टीव्ही होते. या केंद्राचा इतिहास वाचून माझे असे मत झाले आहे की, भाषा ही त्याची खरी अडचण कधीच नव्हती. मेक्सिकोशी असलेल्या ज्या संबंधांनी त्याला जगवले, त्याच संबंधांमुळे पुढे त्याचा परवाना धोक्यात आला.

केंद्राचे संस्थापक राउल कोर्तेस १९०५ साली मेक्सिकोच्या वेराक्रूझ राज्यात जन्मले. सॅन अँटोनियोतील ‘ला प्रेन्सा’ या स्पॅनिश वृत्तपत्रात त्यांनी बातमीदारी केली आणि १९४६ साली स्वतःचे केसीओआर हे स्पॅनिश रेडिओ केंद्र काढले. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडील केंद्रांची नावे साधारणपणे ‘के’ने सुरू होतात; उरलेली तीन अक्षरे कोर्तेस यांनी सरळ आपल्या आडनावातून घेतली. मेक्सिकन वंशाच्या नागरिकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या ‘लुलॅक’ या संघटनेचे ते अध्यक्षही होते, त्यामुळे त्यांचा प्रसारणाचा उद्योग निव्वळ व्यापारी हिशेबातून निघाला होता असे मला वाटत नाही. रेडिओपाठोपाठ १० जून १९५५ रोजी त्यांचे दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले.

पहिली अडचण तांत्रिक होती. चॅनेल २ ते १३ हा व्हीएचएफ पट्टा त्या काळातील प्रत्येक टीव्ही संचावर दिसत असे, पण शहराच्या वाट्याचे असे चॅनेल इंग्रजी केंद्रांकडे गेले. कोर्तेस यांना मिळालेला ४१ हा क्रमांक यूएचएफ पट्ट्यातला होता आणि बहुतेक घरांतील संच तो पकडू शकत नसत. त्यासाठी प्रेक्षकाला वेगळा कन्व्हर्टर, आणि बहुधा वेगळा अँटेनाही, पदरचे पैसे खर्चून घ्यावा लागे. दोन्ही पट्टे दाखवणारेच संच विकण्याची सक्ती करणारा कायदा १९६२ साली झाला आणि नव्या संचांना तो १९६४ पासून लागू झाला. म्हणजे सुरुवातीची जवळजवळ नऊ वर्षे हे केंद्र मुद्दाम खर्च करून पाहणाऱ्यांच्या बळावर तगले.

प्रसारण संध्याकाळी पाचपासून मध्यरात्रीपर्यंत चाले. सुमारे निम्मे कार्यक्रम मेक्सिकोहून बोलावलेल्या कलाकारांचे थेट मनोरंजनाचे कार्यक्रम असत. त्यांतील बरेचसे कोर्तेस यांच्या रेडिओच्या स्टुडिओत होत आणि रेडिओवरूनही त्याच वेळी ऐकवले जात. उरलेला वेळ मुख्यतः मेक्सिकोतून आलेल्या चित्रपटांनी भरला जाई. एकाच खर्चात दोन माध्यमे चालवण्याची ही युक्ती हुशारीची होती, तरीही कलाकारांवरचा खर्च जाहिरातींतून भरून निघेना. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या कंपन्यांच्या पाहणीत स्पॅनिश बोलणारी घरे नीट मोजलीच जात नसत, आणि कागदावर नसलेल्या प्रेक्षकासाठी जाहिरात संस्था पैसे मोजत नसत. माझ्या मते चॅनेल ४१ च्या सुरुवातीच्या तोट्याचे मुख्य कारण हेच होते. नील्सन कंपनीने हिस्पॅनिक प्रेक्षकांची देशव्यापी स्वतंत्र मोजणी सुरू केली ती थेट १९९२ साली.

अखेर १९६१ साली कोर्तेस यांनी केंद्र विकले. घेणाऱ्यांत त्यांचे जावई एमिलिओ निकोलास होते, मेक्सिकोतील टेलिव्हिजनचे सर्वेसर्वा एमिलिओ अस्कारागा विदाउर्रेता होते आणि त्यांच्यासाठी काम केलेले अमेरिकन व्यावसायिक रेने अँसेल्मो होते. केंद्राला केडब्ल्यूईएक्स हे नवे नाव मिळाले, १९६२ साली लॉस एंजेलिसमध्ये चॅनेल ३४ वर केएमईएक्स हे भावंड केंद्र सुरू झाले आणि कार्यक्रम पुरवण्यासाठी ‘स्पॅनिश इंटरनॅशनल नेटवर्क’ उभे राहिले. नेटवर्क म्हटले तरी आरंभी त्याचा अर्थ इतकाच होता की, मेक्सिकोत आधीच तयार झालेल्या मालिकांच्या टेप एका केंद्राने दाखवून पुढच्या केंद्राकडे पाठवायच्या. त्यामुळे एकच भाग निरनिराळ्या शहरांत निरनिराळ्या आठवड्यांत दिसे. १९७६ साली उपग्रहाद्वारे वितरण सुरू झाले आणि ही पाठवापाठवी थांबली. या बाबतीत हे छोटे स्पॅनिश नेटवर्क बड्या इंग्रजी नेटवर्कांच्या कितीतरी पुढे होते, ही गोष्ट प्रसारणाच्या इतिहासात फारशी सांगितली जात नाही.

मेक्सिकोतून येणारा हा माल स्वस्त होता, कारण त्याचा निर्मितीखर्च तिकडच्या बाजारातच वसूल झालेला असे. परंतु अमेरिकेच्या १९३४ च्या दळणवळण कायद्यानुसार प्रसारण परवानाधारक कंपनीत परकीय व्यक्तीचा वाटा २० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. कागदोपत्री मर्यादा पाळली गेली होती, पण खरे नियंत्रण मेक्सिकोतील अस्कारागा कुटुंबाकडेच आहे अशी तक्रार प्रतिस्पर्धी स्पॅनिश रेडिओ व्यावसायिकांनी केली. जानेवारी १९८६ मध्ये प्रसारणाचे परवाने देणाऱ्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या सरकारी संस्थेच्या न्यायाधीशांनी परवान्यांचे नूतनीकरण नाकारण्याचा निर्णय दिला. त्यानंतर सर्व केंद्रे हॉलमार्क या शुभेच्छापत्रांच्या कंपनीने आपल्या भागीदारासह घेतली आणि १९८७ मध्ये नेटवर्कचे नाव ‘युनिव्हिजन’ झाले. १९९२ च्या विक्रीत अस्कारागा कुटुंबाची मेक्सिकन कंपनी ‘तेलेविसा’ भागीदार म्हणून परत आली, आणि २०२२ साली ‘तेलेविसा’चा कार्यक्रमनिर्मितीचा व्यवसाय व युनिव्हिजन एकाच कंपनीत विलीन झाले. ज्या जवळिकीसाठी १९८६ साली परवाने पणाला लागले, तीच आज राजरोस एका नावाखाली नांदते आहे.

आता कारभाराविषयी. केडब्ल्यूईएक्स नेटवर्कच्या स्वतःच्या मालकीचे केंद्र असल्यामुळे दिवसातील बहुतांश कार्यक्रम नेटवर्ककडूनच येतात. केंद्राचे खरे स्वतःचे काम म्हणजे संध्याकाळी पाच आणि रात्री दहाच्या स्थानिक बातम्या, आणि स्थानिक जाहिरातींची विक्री. रात्रीच्या मालिका पाहणारा प्रेक्षक त्या संपताच बातम्यांसाठी तिथेच थांबावा, असा दहाच्या बातमीपत्रामागचा हिशेब आहे. उत्पन्नाचा दुसरा मार्ग केबल कंपन्यांचा: १९९२ च्या कायद्यानुसार केंद्राला दर तीन वर्षांनी ठरवावे लागते की, केबलवर फुकट पण सक्तीने दिसायचे की परवानगीचे शुल्क मागायचे. मोठ्या नेटवर्कची केंद्रे अर्थातच शुल्क मागतात. जून २००९ मध्ये प्रसारण पूर्णपणे डिजिटल झाले. तरी ओळख मोडू नये म्हणून पडद्यावर ४१ हाच क्रमांक ठेवण्यात आला.

जुन्या स्टुडिओची इमारत मात्र राहिली नाही. ती जतन करावी यासाठी शहरात आंदोलन झाले, काही आंदोलकांना अटकही झाली, तरीही नोव्हेंबर २०१३ मध्ये ती पाडून तेथे निवासी संकुल उभारण्यात आले.

आपल्याला एखाद्या केंद्राचा कारभार अधिक बारकाईने अभ्यासायचा असेल, तर त्याची ‘पब्लिक इन्स्पेक्शन फाइल’ उघडून पाहा. परवाना आठ वर्षांचा असतो आणि त्या बदल्यात प्रत्येक केंद्राला ही फाइल कमिशनच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली ठेवावी लागते. मालकीचा तपशील, निवडणुकीच्या जाहिराती कोणी घेतल्या व किती पैसे मोजले, आणि स्थानिक प्रश्नांवर दर तिमाहीत कोणते कार्यक्रम दाखवले, हे सर्व तिच्यात सापडते. सुरुवात निवडणुकीच्या जाहिरातींच्या भागापासून करा. स्पॅनिश मतदाराची किंमत राजकीय पक्षांनी किती लावली आहे, ते तिथल्या आकड्यांवरून लगेच कळते.