आठ वर्षांनी पुन्हा स्कायडायव्हिंग करायचंय, नवीन पॅराशूट कोणतं घेऊ?

भाऊ, तुम्ही जळगावचे, दुबईत शिकलात, आठ वर्षं उडी नाही आणि आता थेट खरेदीला निघालात! आधी रिफ्रेशर करा, थोड्या उड्या भाड्याच्या सामानावर मारा, मग पैसे काढा.

वजन 88 किलो झालंय म्हणता. सामानाचे 12 धरले तर 100 किलो, म्हणजे साधारण 220 पौंड. तुमच्या जुन्या 150 चौरस फुटांच्या कॅनोपीवर, म्हणजे पॅराशूटच्या छत्रीवर, दर चौरस फुटाला जवळपास दीड पौंड भार येतो. भार जास्त तितका वेग जास्त, एवढ्या खंडानंतर तो अंगाशी येईल. 220 चौरस फुटांची घ्या, भार एका पौंडावर येतो. कोणी 'बससारखी मोठी, संथ आहे ती' म्हणून हसलं तर हसू द्या.

जुना संच भुसावळला पत्र्याखाली तापत पडलाय ना? रिगरने, म्हणजे पॅराशूट तपासून पॅक करणाऱ्या तंत्रज्ञाने, उघडून तपासल्याशिवाय पाठीवर घेऊ नका. रिझर्व्ह, म्हणजे राखीव पॅराशूट, नव्याने पॅक करावंच लागेल. अमेरिकेत त्याची मुदत 180 दिवसांची असते. आपोआप रिझर्व्ह उघडणाऱ्या एएडी या यंत्राची उत्पादन तारीखही बघा. मुदत संपलेलं यंत्र सुरू होतं म्हणून वापरायचं नसतं.

आणि पहिली उडी मे महिन्यात नको. तापलेल्या विरळ हवेत तीच कॅनोपी जास्त वेगाने खाली येते.