एसी लावला की गाडी बंद पडते? आधी तो स्क्रू सोडा

मार्च लागला की ठरलेली तक्रार येते : इंजिनात बदल केले, पळते झकास, पण एसी लावून सिग्नलला थांबलं की धापा टाकते. त्यातले काही प्रश्न घेतो.

प्रश्न : एसी लावला की आयडल (उभ्या गाडीत, पाय पेडलवर नसताना इंजिन फिरतं तो वेग) शंभर-दीडशे आरपीएमने वाढतो. बिघाड आहे का?

नाही. वाढायलाच हवा.

प्रश्न : मोठा कॅम (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बसवलाय. एसी लावून गाडी बंद पडायची, म्हणून मेकॅनिकने थ्रॉटलचा स्क्रू पिळून आयडल १३०० वर नेला. आता पडत नाही. असंच ठेवू?

मुळीच नाही. त्या स्क्रूवरचा कंपनीचा रंग फुटलेला दिसला की पुढचं सगळं मला न सांगता कळतं.

इंजेक्शनच्या गाडीत एसीचं बटण दाबलं की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, आधी जास्तीची हवा आत सोडतो आणि क्षणभराने कॉम्प्रेसरचा क्लच 'टक्' करून लागतो. मोठ्या कॅममुळे इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे राहतात. जळालेला वायू परत इनटेकमध्ये शिरतो, तिथला व्हॅक्यूम पडतो, तो दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरचं रीडिंग नाचतं. अशा लंगडणाऱ्या इंजिनावर कॉम्प्रेसरचा भार आला की ते बंद पडतं.

स्क्रू पिळल्याने यातलं काहीच सुटत नाही. उलट, अनेक गाड्यांत ईसीयूला वाटतं की पाय पेडलवरच आहे, आणि तो आयडल सांभाळणंच सोडून देतो. खंबाटकी घाट उतरताना पाय काढला तरी गाडी ओढत राहते, इंजिनाचा ब्रेक मिळत नाही. त्यात व्हॅक्यूम कमी, म्हणजे त्यावर चालणारा, ब्रेकला जोर देणारा बूस्टरही अर्धपोटी.

क्रम असा : स्क्रू जागेवर. हवेची गळती तपासा. इंजिन पूर्ण गरम, एसी बंद, मग मूळ आयडल. मोठ्या कॅमला तो ९००-१००० लागला तर लागू दे. त्यानंतर ईसीयूच्या सेटिंगमध्ये एसीसाठीची वाढीव हवा. हवेचा परिणाम उशिरा दिसतो, स्पार्कचा लगेच. म्हणून आयडलला स्पार्कचं टायमिंग थोडं मागे ठेवून राखीव जोर ठेवतात. शेवटी पंखा, हेडलाइट, एसी सगळं चालू करून स्टीयरिंग पूर्ण वळवून बघा. हे काम लॅपटॉपवर लाइव्ह डेटा बघणाऱ्या ट्यूनरचं आहे. "ईसीयूत तयार फाइल टाकून देतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करा आणि निघा.

प्रश्न : ऑनलाइन मिळणाऱ्या व्होल्टेज स्टॅबिलायझरने फरक पडेल?

विकणाऱ्याला पडेल. तुम्ही बॅटरीचे टर्मिनल घासा, अर्थिंग आणि अल्टरनेटर तपासून घ्या.

प्रश्न : जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला मोठा कार्ब बसवला. एसी लावताच मरते.

एसीच्या गाडीत आयडल-अपचा, म्हणजे एसी लागताच आयडल वाढवणारा, छोटा डायफ्रॅम असतो. नवा कार्ब बसवताना त्याची व्हॅक्यूमची नळी बहुधा बूच मारून सोडलेली असते. जाणत्या कार्ब मिस्त्रीकडून ती पुन्हा जोडून घ्या.

प्रश्न : टर्बो आणि पुढे इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) बसवलाय. मित्र म्हणाले एसीचा गॅस कमी असेल, म्हणून भरला. आता आयडल जास्तच पडतो.

मित्रांकडे गेज होता का? इंटरकूलरने कंडेन्सरची, म्हणजे एसीचा गॅस थंड करणाऱ्या जाळीची, हवा अडवली, त्यात गॅस जादा. दाब चढला आणि कॉम्प्रेसर जड झाला. एसीवाल्याकडून गॅस काढून घ्या, बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलाय तेवढाच वजन करून भरा. पंखाही तपासा.

प्रश्न : कॅम बदलल्यावर पीयूसी मिळेल?

बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल गाड्यांना आयडलला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. धापा लपवायला पेट्रोल वाढवून ठेवलं असेल तर अवघड. "ओळखीचं केंद्र आहे" हे मला सांगू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ बद्दल (गाडीत केलेल्या बदलांचं कलम) आरटीओत आणि विम्याबद्दल कंपनीत आधी विचारा.

प्रश्न : सध्या सिग्नललाच बंद पडते. मेच्या सुट्टीत दाखवली तर चालेल?

नाही. वळणावर बंद पडली तर स्टीयरिंग जड होतं आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही दगड. याच आठवड्यात दाखवा. तोवर घाटात नेऊ नका.