दूध पुरतंय का, हे लंगोट सांगतो

"मॅडम, मला दूधच नाही. पंप लावला तर दोन्ही बाजू मिळून 20 मिली. पावडर चालूच ठेवू का?"

स्तनपान समुपदेशक म्हणून मला येणारे पहिलटकरणींचे निरोप बहुतेक असेच असतात, आकडा तेवढा बदलतो. ही सिझर होऊन चौथ्या दिवशी माहेरी आली होती, सांगली जिल्ह्यातल्या एका गावात. मी पोचले तो नेमका पाचवीचा दिवस. बाहेरच्या खोलीत बायकांची गर्दी, पूजेची मांडामांड, आणि बाळ या मांडीवरून त्या मांडीवर. बाळंतीण आतल्या खोलीत एकटी.

तिची आई तावातावाने सांगू लागली, "अहो, अंगावर अर्धा-अर्धा तास ओढतो आणि काढला की रडतो. काल रात्री बाटली दिली तर 60 मिली गटागटा प्यायला नि झोपला. म्हणजे उपाशीच होतं ना लेकरू?"

हा पुरावा मला घरोघरी ऐकायला मिळतो आणि त्यावरून काहीच ठरत नाही. तान्ह्या बाळाच्या टाळूला काही लागलं की ते चोखतंच. बाटलीतून दूध आपोआप गळतं, त्यामुळे पोट भरलेलं बाळही ती संपवतं. मग जड पोटाने चार तास झोपतं, मधलं एक पाजणं चुकतं, छाती रिकामी होत नाही आणि शरीर दूध कमी बनवायला लागतं. आठवड्याभरात दूध खरंच कमी होतं, आणि 'बघा, मी म्हटलं नव्हतं?' म्हणायला सगळे मोकळे. पंपाचंही तेच. पाचव्या दिवशी, टाके दुखत असताना, घाबरलेल्या बाईच्या छातीतून यंत्र जे काढतं ते बाळ ओढू शकतं त्याच्या बरोबरीचं नसतं.

मी विचारलं, "काकू, काल दिवसभरात लंगोट किती ओले झाले?"

"तीन. एकाला विटकरी डाग होता."

"आणि शी?"

"काळपट हिरवी."

पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान सहा लंगोट ओले व्हायला हवेत, फिकट लघवीचे, आणि शी पिवळी झालेली असावी. वजनकाटा काढला. जन्माचं वजन 2 किलो 900, आता 2 किलो 580. पहिल्या दिवसांत थोडं वजन उतरतंच, सात टक्क्यांपर्यंत फारशी काळजी नसते. दहाच्या पुढे गेलं की थांबायचं नाही. इथे अकरा टक्के होते.

म्हणजे काकूंचं निदान बरोबर होतं, फक्त कारण वेगळं होतं. मी तसं स्पष्ट बोलले. अंगावरच्या दुधाचा आग्रह धरून भुकेल्या बाळाला ताटकळत ठेवणाऱ्या समुपदेशकांशी माझं कधी जमलं नाही. आधी बाळाचं पोट, मग बाकी सगळं. बालरोगतज्ज्ञांना तिथूनच फोन लावला. त्यांनी संध्याकाळी बाळ बघितलं, कावीळ तपासली आणि काही दिवस वरचं दूध किती द्यायचं ते मोजून सांगितलं.

पण कारण शोधायचं तर पाजताना बघावं लागतं. ती पलंगावर वाकून बसली, पोटाच्या टाक्यांना हात लावून. बाळ पाठीवर उताणं, फक्त मान वळवलेली. दोन बोटांच्या कात्रीत स्तन धरून तिने तो बाळाच्या तोंडात सारला. बाळाच्या तोंडात बोंडाचं टोक तेवढं गेलं. गालांना खळ्या पडत होत्या, चकचक आवाज येत होता, गिळण्याची हालचाल जवळजवळ नव्हती. बोंडांना चिरा पडलेल्या. रुग्णालयात पहिला दिवस ती सलाईनवर आणि बाळ पावडरवर, धरायचं कसं हे कोणी बसून दाखवलंच नव्हतं. देशात जन्मानंतर पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळं 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 41.8 टक्केच होती, तेव्हा हे काही हिच्याच वाट्याला आलेलं नाही. खरं तर पहिल्या दिवशी एका वेळी चहाचा एखाद-दोन चमचे चीकसुद्धा बाळाला पुरतो.

मी आधी दार लावून घेतलं. वेदना आणि संकोच असला की पान्हा फुटायला वेळ लागतो. पाठीला उशी, बाजूला दोन उशा. बाळ तिच्या काखेखाली, पाय पाठीमागच्या दिशेने, म्हणजे टाक्यांवर भार नाही. हात बाळाच्या मानेखाली, डोकं दाबायचं नाही. बाळाचं नाक बोंडासमोर. बोंड वरच्या ओठाला टेकवायचं आणि वाट बघायची. जांभई दिल्यासारखं तोंड उघडलं की हनुवटी आधी टेकवत बाळाला छातीकडे आणायचं. छाती बाळाकडे न्यायची नाही, पाठ त्यानेच मोडते. दोनदा फसलं. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यात घालून सोडवलं, पुन्हा लावलं. मग खालचा ओठ बाहेर वळला, बोंडाभोवतीचा काळा भाग वर जास्त आणि खाली कमी दिसू लागला, आणि भरभर चोखणं संथ झालं. मधूनमधून घुटका.

"दुखत नाहीये," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

पुढचे दिवस बेत साधा होता, पण दमवणारा. दर दोन-तीन तासांनी आधी अंगावर, दिवसाला निदान आठ वेळा, रात्रीसुद्धा, कारण दूध बनवणारं संप्रेरक, प्रोलॅक्टिन, रात्री जास्त असतं. मग हाताने काढलेलं दूध: अंगठा आणि बोटं काळ्या भागाच्या कडेला ठेवून आधी छातीकडे दाबायचं, मग एकमेकांकडे. बोटं घसरवायची नाहीत. हे दूध वाटी-चमच्याने द्यायचं, आणि उरलेल्या तुटीपुरती पावडर, तीही वाटीनेच. बाटली बंद.

काकूंना दोन कामं दिली: वाटी-चमचा उकळणं आणि कालनिर्णयावर ओल्या लंगोटांच्या रेघा मारणं. कालपर्यंत बाटलीच्या बाजूने भांडणारी बाई त्या रेघांची पहारेकरी झाली.

त्यांनी हळीव आणि डिंकाच्या लाडवांचं विचारलं. खुशाल द्या, तिलाही भूक लागते, पण दूध वाढतं ते छाती रिकामी झाल्याने. मध, गुटी, पाणी मात्र नको. वर्षाच्या आत मध दिला तर बोट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा, धोका असतो, आणि सहा महिने पाण्याची गरजच नसते.

दोन दिवसांनी वजन 2 किलो 640, रेघा सहा. दहाव्या दिवशी पावडर थांबली. सोळाव्या दिवशी 2 किलो 920.

दीड महिन्याने पुन्हा फोन. छाती मऊ पडली, गळत नाही, संध्याकाळी बाळ तासातासाला मागतं, म्हणजे आटलं का? नाही. शरीराला मागणीचा अंदाज आला की छाती दाटून राहत नाही, आणि संध्याकाळी अनेक बाळं असंच लागून-लागून पितात. वजन 3 किलो 800 होतं. "मग काळजी कधी करायची?" तिने विचारलं. ओले लंगोट सहाच्या खाली आले, बाळ प्यायला उठवूनही सुस्त राहिलं, वजन थांबलं, किंवा तुझ्याच छातीचा एखादा भाग लाल, गरम होऊन ताप भरला, तर मला फोन करत बसू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.